शिल्लक पाच टक्के

शिल्लक : ९ टक्के

"हे तुमचं यंत्र खाते काय, बाई?" सोमाजींनी विचारलं.

"जागा," मी म्हणाले.

"मंग लवकर म्हातारं होईन."

ते दारातच उभे होते, चपला बाहेर काढून. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालायच्या नाहीत असा नियम कुणीच केला नव्हता, पण ते पाळायचे. हातात लोखंडी घमेलं. त्यात थापी, प्लास्टरची पिशवी आणि काचेच्या पट्ट्या. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, जुन्या तावदानांतून कापलेल्या.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्धा नदीच्या पलीकडची कोळशाची उघडी खाण. कोळशापर्यंत पोहोचायला वरची माती आणि मुरूम काढून बाजूला टाकतात, त्याचा डोंगर होतो, त्याला डंप म्हणतात. आमचा डंप साठ मीटर उंच होता. त्याच्या पायथ्याशी एका पाळीत अडतीस माणसं कोळसा काढायची. डंप हलतोय का, एवढा एकच प्रश्न. त्यासाठी मला नागपूरहून पाठवलं होतं.

माझ्याआधी त्याच प्रश्नासाठी सोमाजी मडावी होते, एकतीस वर्षं. डंपच्या माथ्यावर भेग दिसली की ते तिच्या दोन्ही काठांवर प्लास्टरचे गोळे बसवायचे आणि वर आडवी काच. काच ताणत नाही, वाकत नाही. माती केसभर सरकली की तुटते. प्रत्येक काचेवर मार्करने तारीख.

माझ्याकडे तार होती. भेगेच्या एका काठाला खुंटा, दुसऱ्या काठाला पेटी, मध्ये ताणलेली तार. भेग रुंदावली की पेटीतला आकडा वाढायचा, केबलने खाली यायचा आणि माझा सी भाषेतला प्रोग्राम दर मिनिटाला तो फाइलमध्ये लिहायचा. सोबत कॅमेऱ्याचा एक फोटो. फाइलमधल्या आकड्यांची पडद्यावर हिरवी रेषा. तासाला पाच मिलिमीटरच्या वर गेली की सायरन.

"तुमची काच तुटल्यावर सांगते, काकाजी," मी म्हणाले. "माझी रेषा त्याआधी सांगेल."

"आधी सांगते तं चांगलंच हाये." ते पडद्याकडे बघत राहिले. "पण मले हातात घ्याले काही पायजे ना."

शिल्लक : ६ टक्के

रामटेके खाणीचे सर्व्हेअर. जाड भिंगांचा चष्मा, खिशात तीन पेनं, तिन्ही चालू. डंपबद्दल निर्णय त्यांचा. माणसं खालून काढायची की नाही, हे ते सांगणार, मॅनेजर फक्त सही करणार.

"हा कोपऱ्यातला आकडा काय आहे, मॅडम?"

"डिस्कवर किती जागा उरली ते. फोटोंमुळे भरते."

"आणि संपली तर?"

"संपायच्या आधी कळेल. तीन टक्क्यांखाली गेलं की हा लाल दिवा लागेल. लागला की मला फोन करायचा आणि जुने फोटो काढून घ्यायचे. लागेपर्यंत काही करायचं नाही."

"लागेपर्यंत काही करायचं नाही," त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग वर बघून म्हणाले, "आधीच्या खाणीत असंच झालं होतं ना. जागा संपली, मशीन गप्प. आम्ही आपले दोन दिवस जुनाच आकडा बघून राहिलो."

"ते लोक प्रोग्राममध्ये जागा तपासत नसतील."

"तुम्ही तपासता?"

"दर मिनिटाला."

मी त्यांना ती ओळ दाखवली. त्यांना सी येत नव्हती, तरी चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती वाचली, एखाद्याच्या घराच्या दारावरची पाटी वाचावी तशी.

shillak = st.f_bfree * 100 / st.f_blocks;

"म्हणजे सिस्टीमला विचारायचं, मोकळे खण किती," मी म्हणाले. "एकूण खणांनी भागायचं. झालं."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

नागपूरच्या ऑफिसात मी डिस्क मुद्दाम भरून पाहिली होती. आकडा उतरत उतरत शून्यावर आला होता. वाटेत तिनाखाली दिवाही लागला होता. माझ्या बाजूला बसणाऱ्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

शिल्लक : ५ टक्के

मंगळवारी दुपारनंतर रेषा आडवी झाली.

त्याआधीचा आठवडा ती हळूहळू चढत होती. दिवसाला दोन मिलिमीटर, अडीच. पाऊस संपून पंधरा दिवस झाले होते, कडक ऊन पडत होतं, माती वाळत होती. डंप कधीतरी थांबणारच होता.

"झोपला," रामटेके म्हणाले. त्यांनी कॅन्टीनमधून तर्री-पोहे मागवले. "चार महिने झोपू दिलं नाही या डोंगरानं मला, आता स्वतः झोपला."

सोमाजींनाही प्लेट दिली. ते बाहेर पायरीवर बसून खात होते.

"काय सोमाजी, आता काचा विकून टाका."

"कोन घेते साहेब, इतक्या बारीक? बांगड्याबी नाई होनार."

रेषा सरळ, हिरवी, शांत. तिच्याकडे बघायला बरं वाटत होतं. मी घरी फोन करून शनिवारी येते म्हणून सांगितलं.

शिल्लक : ५ टक्के

बुधवारी सकाळी नऊला सोमाजींनी माझ्या कीबोर्डवर काचेचे दोन तुकडे ठेवले. एकावर तारीख होती, दुसरा कोरा. पहिल्यांदाच ते चपला घालून आत आले होते.

"तुटली."

मी पडद्याकडे पाहिलं. रेषा आडवी.

रामटेके त्यांच्या टेबलावरून उठून आले. तुकडे जुळवून पाहिले. "बकऱ्या चढतात वर. परवा मीच हाकलल्या."

"बकरीनं तुटते तं काच खाली दबते, साहेब. चुरा होते. हे ओढून तुटली. पाहा ना, कड कशी सरळ हाये."

"मॅडम?"

मी कोपऱ्यातला आकडा पाहिला. पाच. दिवा बंद. पेटीची केबल तपासली, जोडलेली होती. प्रोग्राम चालू होता, घड्याळ पुढे सरकत होतं.

"तार आणि काच वेगवेगळ्या भेगांवर आहेत का, काकाजी?"

"एकाच भेगेवर. हाताच्या अंतरावर."

"मग काच सदोष असेल. आधीच चरा पडलेला असेल तिला."

सोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा माणूस आपल्याला ओळखत असूनही ओळख दाखवत नाही तेव्हा बघतात तसं.

"दुसरी लावतो," ते म्हणाले.

तुकडे तिथेच राहिले. लिहिताना हाताला लागत होते म्हणून मी ते खणात टाकले.

शिल्लक : ५ टक्के

गुरुवार. साडेदहा.

या वेळी त्यांनी तुकडे ठेवले नाहीत. हातात धरून उभे राहिले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"काल दुपारची लावलेली. नवी कोरी, चरा नाई, काई नाई. मीच उन्हात धरून पायली होती. दोन बोटं फाकली भेग."

"दोन बोटं?" रामटेके म्हणाले.

"माही दोन बोटं, साहेब. तुमची नाई."

ते हसवण्यासाठी म्हणाले नव्हते. त्यांची बोटं जाड होती.

रामटेकेंनी चष्मा काढून पुसला. परत घातला. पडद्यासमोर येऊन उभे राहिले आणि बराच वेळ त्या आडव्या रेषेकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, अगदी हळू, जणू मला वाईट वाटू नये म्हणून:

"मॅडम, जागा संपली तर नाही ना?"

"पाच टक्के आहे. परवापासून पाचच आहे."

"परवापासून?"

"हो. एवढी हळू भरतेय म्हणजे उलट चांगलंच."

हे मी बोलले. शब्द हेच होते. दर मिनिटाला एक फोटो पडत असताना आकडा दोन दिवस जागचा हलत नाही, हे मीच त्यांना सांगितलं आणि चांगलं म्हणाले.

"मी माणसं काढू का खालून?" रामटेकेंनी विचारलं. "तुम्ही सांगा. मॅनेजर साहेब मला विचारतील कशावरून काढली. काचेवरून म्हटलं तर हसतील, रेषा आडवी आहे. पण तुम्ही म्हणाल तर काढतो. वेडा म्हणू दे."

"रेषा खरी आहे, सर."

"नक्की?"

"जागा आहे म्हणजे लिहिलं जातंय. लिहिलं जातंय म्हणजे रेषा खरी आहे."

सोमाजी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. ते म्हणाले, "मंग माही काच खोटी."

बाहेरून डंपर मागे घेतल्याचा पीं पीं आवाज येत होता.

"असं करू, काकाजी," मी म्हणाले. "आणखी एक लावून बघा. माझ्या तारेच्या अगदी शेजारी, चिकटून. बारा वाजता मी स्वतः वर येते. दोन्ही सोबत बघू. काच तुटली आणि तार हलली नाही, तर मी माझी चूक मान्य करेन."

"तुमी मान्य करून मी काय करू," सोमाजी म्हणाले. पण घमेलं उचललं. दारात वळून म्हणाले, "टोपी घालून या. वर ऊन लई हाये."

शिल्लक : ५ टक्के

मी मॅनेजरसाठी एक टिपण लिहायला घेतलं. तीन ओळी. डंप स्थिर, यंत्र व्यवस्थित, काचेची पद्धत आता बंद करायला हरकत नाही. सेव्ह केलं.

पडद्यावर उत्तर आलं की डिस्कवर जागा शिल्लक नाही.

मी परत सेव्ह केलं. तेच उत्तर.

कोपऱ्यात पाच.

तीन ओळींना किती जागा लागते? फोटोच्या एका कोपऱ्याएवढीही नाही. मी प्रोग्रामची फाइल उघडली, जिच्यात दर मिनिटाला आकडा लिहिला जायचा. अगदी शेवटी गेले.

मंगळवार १४:०४ — ४१.३
मंगळवार १४:०५ — ४१.३
मंगळवार १४:०६ — ४१.४
मंगळवार १४:०

तिथे फाइल संपत होती. ओळीच्या मध्ये. माणूस बोलता बोलता थांबावा तशी.

दोन दिवस माझा प्रोग्राम लिहायला जात होता आणि हात हलवत परत येत होता. लिहिलं गेलं का, हे तो विचारत नव्हता, कारण जागा आहे हे त्याने आधीच विचारलेलं असायचं. आणि रेषा काढताना तो शेवटचा पूर्ण आकडा घ्यायचा. ४१.४. ४१.४. ४१.४.

मी फाइल बाजूला सारून पेटीचा आकडा सरळ केबलवरून वाचला.

२०३ मिलिमीटर.

"सर," मी म्हणाले. "सर, सायरन."

रामटेकेंनी का म्हणून विचारलं नाही. खुर्ची आडवी पडली, ते भिंतीवरच्या खटक्यापर्यंत कसे पोहोचले मला दिसलं नाही. अकरा वाजून अडतीस मिनिटं.

सायरनचा अर्थ खालच्या माणसांना पाठ होता. हातातलं टाकायचं आणि पूर्वेच्या रस्त्याने धावायचं, मागे बघायचं नाही. अडतीस माणसं धावली. खिडकीतून मी ती मोजली, पिवळ्या टोप्या, एक एक. एकजण बूट हातात घेऊन धावत होता.

वर असलेल्या माणसासाठी सायरनचा नियम नव्हता. वर कुणी असतच नाही.

मला तो दिसला. माझ्या तारेच्या पेटीशेजारी उकिडवा बसलेला, पाठमोरा. सायरन ऐकून उठला. त्याने खाली धावणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मग हाताकडे. हाताला ओलं प्लास्टर असणार, तो ते सदऱ्याला पुसत होता.

डंप कोसळला नाही. बसला. उभ्या माणसाचे गुडघे जावेत तसा. मग पुढे आला. आवाज नंतर आला, आणि धूळ त्याच्याही नंतर. सोमाजी जिथे होते तिथे आकाश होतं.

शिल्लक : ०

चौकशी समिती सोमवारी आली. तिघेजण. त्यातला एक कॉम्प्युटरचा जाणकार, तरुण, नीटनेटका. यंत्र त्याच अवस्थेत सील केलं होतं असं मॅनेजरने सांगितलं. त्याने सील काढलं, पडदा सुरू केला.

कोपऱ्यात शून्य. लाल दिवा लागलेला.

"हा दिवा कधीपासून आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिवा नव्हता, साहेब," रामटेके म्हणाले. "पाच टक्के दाखवत होतं."

"इथे तर शून्य आहे."

"तेव्हा पाच होतं. मंगळवारपासून पाचच होतं."

जाणकाराने प्रोग्राम उघडला. खाली खाली जात ती ओळ सापडल्यावर थांबला.

shillak = st.f_bavail * 100 / st.f_blocks;

"नेमका आकडा घेतलाय," तो अध्यक्षांना म्हणाला. "बहुतेक लोक इथे चुकतात, सगळी मोकळी जागा मोजतात. त्यातली पाच टक्के साध्या वापरकर्त्याला मिळतच नाही. यांनी साध्या वापरकर्त्याला मिळणारी तेवढीच मोजलीय." माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, शाबासकीसारखी. "मंगळवारी जागा संपायच्या आधीच दिवा लागलेला असणार."

"नाही लागला," रामटेके म्हणाले. त्यांनी वही काढली, पान उघडून पुढे केलं. *लागेपर्यंत काही करायचं नाही.* त्यांना वाटलं, हा पुरावा आहे. अध्यक्षांनी ते वाचलं आणि वही बाजूला ठेवून घेतली.

"काच तुटल्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. बुधवारी तुटली, गुरुवारी परत. सोमाजींनी आणून दाखवली." कुणी विचारलं नसतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

"आणि तरीही तुम्ही माणसं काढली नाहीत."

रामटेके माझ्याकडे वळले. खिशातली तिन्ही पेनं त्या दिवशी नव्हती.

"मॅडमला विचारा," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही सांगा ना. पाच होतं की नाही?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"प्रोग्राम तुमच्यासमोर आहे," मी म्हणाले.

रामटेकेंनी परत विचारलं नाही. चष्मा काढला, पुसला, आणि तो हातातच धरून बसले. पुढच्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी "हो" म्हटलं. दिवा लागला होता का, यालाही. अहवालात त्यांचं एकट्याचं नाव आलं. सोमाजींबद्दल एक ओळ होती, की ते लेखी परवानगीशिवाय वर गेले.

आता, समिती येण्याआधीची, डंप बसला त्या गुरुवारची संध्याकाळ.

सगळे डंपवर होते. रामटेके तर हाताने माती उपसत होते. खोलीत मी एकटी होते, आणि सील करायला येणारा माणूस सहा वाजता येणार होता.

मी सिस्टीमचं पुस्तक उघडून वाचत होते. डिस्क भरत आली की सिस्टीम शेवटची पाच टक्के जागा साध्या वापरकर्त्याला देत नाही. ती मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. बाकी सगळं ठप्प झालं तरी त्याला आत येऊन दुरुस्ती करता यावी म्हणून. मोकळे खण विचारले तर ती ही राखीव जागाही मोजून सांगते. उपलब्ध खण विचारले तर फक्त हाताला येणारी. दोन आकडे, शेजारी शेजारी. मी पहिला घेतला होता. नागपूरला मी मुख्य वापरकर्ता म्हणून काम करायची, त्यामुळे तिथे तो शून्यापर्यंत उतरला होता. खाणीत मात्र मी काळजी घेतली होती. यंत्राला कुणी धक्का लावू नये म्हणून प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवला होता.

पावणेसहा झाले होते. मी मुख्य वापरकर्ता म्हणून आत गेले. ओळ शोधली. एक शब्द खोडून दुसरा लिहिला. फाइलची तारीख मागे नेता येते, ती नेली. प्रोग्राम पुन्हा सुरू केला तेव्हा कोपऱ्यात शून्य आलं आणि लाल दिवा लागला. बाहेर कुणीतरी सोमाजींच्या नावाने हाक मारत होतं, अजून.

सेव्ह करताना मात्र क्षणभर हात थांबला होता. डिस्क गच्च भरलेली. सकाळी तीन ओळींचं टिपणही तिने घेतलं नव्हतं.

माझी दुरुस्ती घेतली. जागा होती. पाच टक्के, माझ्यासाठी राखून ठेवलेली.